कागदाची मागली बाजू

बेळगाव, ३ फेब्रुवारी १९३६

राजमती, कपिलेश्वराच्या कृपेने इकडे सगळे खुशाल, आणि मी तर खुशालीच्याही पुढे गेले आहे.

काल दुपारी तुझे यजमान आमच्या दारात उभे राहिले. मला वाटलं, तंबाखूच्या कामाने बेळगावात आले असतील आणि तुझा निरोप आणला असेल. तर नेमिनाथराव विचारतात, "वहिनी, तुमच्या शेजारचा चौदा नंबरचा प्लॉट अजून रिकामा आहे ना?" माझ्या हातातला पळा आमटीत पडला. मॅट्रिकच्या परीक्षेला आपण एका बाकावर बसलो त्याला नऊ वर्षं झाली. आता भिंतीला भिंत लागणार की काय?

आमची वसाहत तू अजून पाहिली नाहीस. टिळकवाडी ओलांडली की शेतं लागतात, आणि त्या शेतांतच सोसायटीने नवं गाव मांडलं आहे. मांडलं म्हणजे चुन्याच्या रेघांनी. उभं घर एकच, आमचं. कारण हे सोसायटीच्या कचेरीत नकाशे काढतात आणि इंजिनिअरसाहेबांचं म्हणणं पडलं की नकाशा काढणाऱ्याने आधी राहून दाखवावं. बाकी सगळी घरं, बाजारपेठ, बाग, वाचनालय सध्या जमिनीवर पांढरी आहेत. पण लोक आत्तापासून त्या रेघांना इतके मानतात की काय सांगू. काल तुझ्या यजमानांनी चौदा नंबरच्या ओसरीच्या रेघेबाहेर वहाणा काढल्या आणि मोकळ्या शेतात अनवाणी शिरले. आमचा टांगेवाला मष्णू त्यांना आणायला गेला तर टांगा सरळ आत घालीना. म्हणाला, "सैपाकघरातनं घोडा न्यायचा व्हय? लोक काय म्हनतील?" आणि सगळ्या वसाहतीला वळसा घालून आला.

पाण्याची काळजी नको. आपल्या दोन्ही प्लॉटांसमोर जुनी दगडी विहीर आहे. पाणी असं गोड की डाळ एका उकळीत शिजते. तुझ्या सासूबाईंना मुद्दाम सांग.

कागदाच्या मागे बघू नकोस. ह्यांचे रद्द झालेले नकाशे आहेत, एका बाजूने कोरे. चुलीत घालण्यापेक्षा पत्राला बरे.

तुझी,
जया


निपाणी, १० फेब्रुवारी १९३६

जये, जय जिनेंद्र.

तुझं पत्र मी सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, मोठ्याने वाचून दाखवलं. घोडा स्वयंपाकघरातून जायला तयार नाही, इथे त्या इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली आणि मला पाठ चोळत बसावं लागलं.

प्लॉट पाहण्याचं खरं कारण तो खोकलाच आहे. आमचं घर दोन वखारींच्या मध्ये. हा तंबाखूचा हंगाम. हवा अशी की वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळपर्यंत शिंका काढायला लावतं. आम्हा तरण्यांचं चालतं. आत्याबाईंचा खोकला मात्र दोन वर्षांत छातीत उतरला आहे. वैद्य म्हणाले, औषध माझ्याकडे नाही, निपाणीबाहेर आहे. म्हणून यांनी प्लॉट पाहिला.

पण आत्याबाईंची एक अट आहे. तुला आठवत असेल, शाळेत तू माझ्या पाण्याच्या फडक्याला हसायचीस. आमच्यात पाणी दुहेरी फडक्यातून गाळतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण पुढचं कोणी बघत नाही. फडक्यावर जे बारीक जीव राहतात ते गाळलेल्या पाण्याने हलकेच धुऊन, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायचे. त्याला जिवाणी म्हणतात. वरून ओतायचं नाही, त्यांना मार लागतो. पोहऱ्याच्या तळाला कडी असते, तिला दुसरी दोरी बांधून पोहरा अलगद खाली सोडायचा. पाण्याला टेकला की ती दोरी ओढायची, पोहरा हलकेच कलंडतो आणि ते जीव आपल्या घरी जातात. आत्याबाईंनी हे पन्नास वर्षांत एक दिवस चुकवलेलं नाही. गेल्या वर्षी त्यांच्या भाच्याने पुण्याला नेलं, तिथे नळ. तीन दिवस नारळाच्या पाण्यावर राहून परत आल्या. म्हणाल्या, "पाणी कुठनं आलं ठावं न्हाय, तर जीव कुठं पोचवू?"

तेव्हा विहीर हवी. मी तुझ्या भरवशावर शब्द देऊन टाकला आहे. अक्षय तृतीयेला हे सही करणार. विहीर नसेल तर खानापूरला ह्यांच्या भावाच्या भातगिरणीजवळ घर आहे, तिकडे जाऊ म्हणतात. मग मी तुला कोणत्या भिंतीवरून हाक मारू?

राजमती


बेळगाव, २४ फेब्रुवारी १९३६

प्रिय राजमती,

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, महाशिवरात्रीची गडबड होती.

इकडे रोज काहीतरी नवीन. इंजिनिअरसाहेब पेन्शनर आहेत, पण एक वर्ष विलायतेला राहून आले आहेत आणि ते वर्ष अजून संपलेलं नाही. परवा त्यांनी बागेच्या रेघांत खुर्ची मांडून चहा घेतला आणि मष्णूला विचारलं, कारंज्याचा आवाज कसा वाटतो. मष्णू म्हणाला, "लई गार वाटतंय साहेब." तेव्हापासून साहेब त्याला हुशार समजतात.

वाचनालयाला दक्षिणेकडून दार असावं की पूर्वेकडून यावर सभा झाली. दक्षिणेला दार नको असं मी ह्यांच्यामार्फत कळवलं, आणि ते मान्य झालं. बाजारात भाजीची बाजू वेगळी, मासळीची वेगळी. दिव्यांचे खांब येणार. पाणी तर भरपूर होणार आहे, त्याची चिंताच करू नकोस. साहेब मोठी टाकी बांधणार आणि इंजिनाने पाणी चढवणार. लोणच्याला कैऱ्या या वर्षी लवकर येतील असं दिसतं. तुमच्याकडे काय?

सासूबाईंना काढा दे. अडुळशाचा. आणि आणखी काय लिहू, सगळं ठीक आहे.

जया


निपाणी, १ मार्च १९३६

जये,

चार पानं पत्र आलं. त्यात कारंजं आहे, मासळी आहे, कैऱ्या आहेत. विहीर नाही.

म्हणून मी कागद उलटला.

मागे बघू नकोस असं तू पहिल्या पत्रात सांगितलं होतंस, तेव्हा बघितलं नव्हतं. आता बघितलं. लांबच लांब दोन समांतर रेघा, मध्ये "रस्ता, रुंदी ४० फूट". एका अंगाला तेरा आणि चौदा नंबर. आणि रस्त्याच्या बरोबर पोटात एक छोटं गोल, त्यावर तांबडी फुली, शेजारी "विहीर – बुजवणे". मारुतीरावांचं अक्षर मी ओळखते. तुझ्या लग्नपत्रिकेवर तेच होतं.

तू मला हे सांगणार नव्हतीस, पण तुझ्या काटकसरीने सांगितलं.

आत्याबाईंना मी बोलले नाही. कसं बोलू? त्यांनी तांबटाकडून नवा पोहरा करून घेतला आहे, बेळगावच्या विहिरीसाठी. कडी चांगली घट्ट बसली आहे ना हे रोज हलवून बघतात. काल शेजारणीला सांगत होत्या की आता छातीत घरघर कमी वाटते. अजून निपाणी सोडलेली नाही, नुसत्या पोहऱ्यानेच.

खरं काय ते लिही.

राजमती


बेळगाव, १२ मार्च १९३६

राजू,

पत्र वाचून मी देवघरात जाऊन बसले. खोटं लिहिलं नव्हतं, पण खरंही लिहिलं नव्हतं. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी हे ती फुली मारून आले होते. मला वाटलं, चार दिवसांत काहीतरी जमवीन आणि मग सांगीन.

काय काय केलं ते ऐक. आधी ह्यांना म्हटलं, रस्ता जरा वाकवा. हे म्हणाले, "साहेबांचा रस्ता बंदुकीच्या गोळीसारखा असतो. वाकडा काढला तर माझीच चाकरी वाकडी होईल." मग मी साहेबांच्या घरी हळदीकुंकवाला गेले. त्यांच्या बायकोला सगळं समजावून सांगितलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने साहेबांना सांगितलं. साहेबांनी मला बाहेर बोलावून विलायतेत एकही विहीर नाही हे पाऊण तास सांगितलं. उघड्या विहिरीवर डास होतात, डासांनी हिवताप होतो. नळ हाच धर्म. मी म्हटलं, धर्म माझ्याकडे ठेवा, रस्ता तुमच्याकडे. ते हसले, पण फुली तशीच.

मष्णूच्या कानावर गेलं. तो म्हणाला, "जयाक्का, एक दगूड ठेवतो, शेंदूर फासतो. म्हसोबा हाय म्हनायचं. कोन हात लावतंय बघू." त्याला मी चांगलं फैलावर घेतलं. देवाच्या नावाने लबाडी करून मिळवलेलं पाणी तुझ्या सासूबाई पितील का? आणि मी तरी कोणत्या तोंडाने सोमवारी कपिलेश्वरासमोर उभी राहू?

आता एवढंच उरलं आहे. अठ्ठावीस तारखेला मंडळींची सभा. कापडावरचा पक्का नकाशा सभेपुढे मांडायचा आणि सह्या करायच्या. मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. तो नकाशा शाईने पुरा करायला हे बावीस तारखेला, रविवारी, घरी आणणार आहेत. साहेबांच्या कचेरीत माशा फार.

मी पाच सोमवार बोलले आहे. आत्याबाईंना अजून काही सांगू नकोस.

जया


निपाणी, १८ मार्च १९३६

जये,

सांगणार नव्हते, पण ह्यांना सांगावं लागलं. म्हणाले, विहीर नाही तर प्लॉट नाही. आईला नारळाच्या पाण्यावर किती दिवस ठेवू? खानापूरला पत्र टाकलं आहे. तिथे भातगिरणीचा कोंडा उडतो असं मी म्हटलं, तर म्हणाले, तंबाखूपेक्षा कोंडा बरा.

मी आता तुझ्या सोमवारांवर आहे.

राजमती


बेळगाव, ३० मार्च १९३६

राजू, आधी बस. उभी असशील तर बस. आत्याबाईंनाही बसव.

विहीर राहिली.

आता सावकाश सांगते, जमलं तर. बावीस तारखेला सकाळी ह्यांनी नकाशा ओसरीवर अंथरला. तीन हात लांब, स्वच्छ, पांढरंशुभ्र कापड, त्यावर बारीक काळ्या रेघा, बघतच राहावं. शेवटी फक्त विहिरीजवळचं "बुजवणे" लिहायचं राहिलं, आणि हे अंघोळीला गेले. मी पूजा आटोपून तुळशीला पाणी घालायला निघाले होते. हातात पूजेचा गडू. तेवढ्यात मांजर आलं. मांजर नकाशावर चढेल म्हणून मी धावले, हातातला गडू खाली ठेवला आणि मांजराला हाकललं. वळून बघते तर गडू नकाशावर. उचलला, तर खाली हळदीच्या पाण्याचं गोल वळं, आणि मधोमध विहीर.

हे ओलेत्यानेच बाहेर आले. पुसायला गेलं तर हळद आणखी पसरेल. नवीन कापडाला पुण्याला लिहावं लागतं. सहा दिवस हे जेवले तेवढंच मी सांगू शकते. काय जेवले ते त्यांनाही माहीत नसेल.

अठ्ठावीसला सभा. पुढचं मष्णूकडून कळलं, तो खिडकीत उभा होता. साहेबांनी नकाशा उलगडला, चष्मा वर केला, खाली केला. बोट ठेवलं. "मारुतीराव, हे काय?" मष्णू म्हणतो, मला वाटलं आता हे खालीच बसणार. तर हे म्हणाले, "सर्कल आहे, साहेब."

साहेब नकाशाकडे बघत राहिले. मग खुर्चीवरून उठले. म्हणाले, सर्कल. लंडनला आहेत. चार बाजूंनी रस्ते येतात, मध्ये गोल, गाड्या गोलाभोवती फिरून आपापल्या वाटेला जातात. टक्कर नाही, पोलीस नको, वर शोभा. अर्धा तास बोलले. शेवटी म्हणाले की ही कल्पना त्यांच्या मनात विलायतेपासून घोळत होती आणि मारुतीरावांनी ती बरोबर टिपली. मध्ये शोभेला काय, असं एका सभासदाने विचारलं. हे चटकन म्हणाले, "विहीर. दगडी कठडा, वर झाकणाला जाळी, म्हणजे डास नाहीत. आणि जाळीला दार." साहेबांनी तिथल्या तिथे सही केली. हळदीचा रंग त्यांना फार आवडला. सगळ्या नकाशांत शोभेच्या जागा पिवळ्याच दाखवा म्हणाले.

सभेतून हे घरी आले आणि पायरीवर बसून हसायला लागले. मी पाणी आणलं तर पाण्याकडे बघून आणखी हसले. एवढे हसलेले मी त्यांना लग्नातही पाहिले नव्हते.

पोस्टाची वेळ होते आहे, हाती लागला तो कागद घेऊन लिहिते आहे. नेमिनाथरावांना सांग, खानापूरला दुसरं पत्र टाका.

जया


निपाणी, ६ एप्रिल १९३६

जये, जये, जये.

ह्यांनी अक्षय तृतीयेची वाट पाहिली नाही. सही करून पाठवलीसुद्धा. शुभ दिवसाचं विचारलं तर म्हणाले, साहेबांना आणखी एखादी कल्पना सुचायच्या आत केलेलं बरं.

आता माझं एक ऐक. शाळेत मी तुझ्या वहीवर कोरडी पट्टी ठेवली तरी तू उचलून फुंकर मारायचीस. नऊ वर्षांत मी तुझ्या पत्रावर एक तेलाचा डाग पाहिलेला नाही. ती जया धावत येते आणि ओला गडू ठेवते, कुठे, तर पक्क्या नकाशावर. आणि तुमच्याकडे मांजर कधीपासून? दोन वर्षांपूर्वी तू लिहिलं होतंस की मांजराच्या केसांनी देवघर बाटतं.

म्हणून मी कागद उलटला.

मागे हळदीची सात वळी आहेत. एकाशेजारी तुझ्या अक्षरात "वाटी – लहान". एकाशेजारी "फुलपात्र – लहान". "तांब्या – फार मोठा, चौदा नंबरची ओसरी जाते". आणि शेवटी, सुबक, कुठे ओघळ नाही असं एक: "पूजेचा गडू, २ इंच. इंचाला ४० फूट, म्हणजे ८० फूट. विहीर १६. भोवती रस्ता ३२. पुरे."

भूमितीत तुला पैकीच्या पैकी मिळाले होते ते वाया गेले नाहीत म्हणायचे.

देवाच्या नावाने लबाडी नको म्हणून मष्णूला फैलावर घेतलंस. मग पूजेचा गडू कसा चालला? आणि मारुतीरावांना ठाऊक आहे का?

आत्याबाईंना अक्षर येत नाही, पण वळी दिसतात. त्यांनी कागद हातात घेतला, पहिल्यापासून सातव्यापर्यंत बोट फिरवलं आणि माझ्याआधी त्या हसल्या. या वेळी खोकला आला नाही.

उत्तर दे. कैऱ्यांबद्दल लिहू नकोस.

राजमती


बेळगाव, २० मे १९३७

प्रिय राजमती,

वर्षभर तू प्रत्येक पत्रात विचारते आहेस आणि मी प्रत्येक पत्रात विसरते आहे. पण आता तू नणंदेचं बाळंतपण उरकून पंधरा दिवसांत इथे येणार, समोरासमोर विचारणार, तेव्हा माझा चेहरा मला आवरता येणार नाही. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

आधी आत्याबाई. परवा त्या आणि नेमिनाथराव नव्या घरी आले. काल पहाटेच त्यांनी पाणी काढलं, गाळलं, आणि नवा पोहरा घेऊन सर्कलकडे निघाल्या. मी सोबत गेले. त्याच वेळी इंजिनिअरसाहेबांची मोटार आली आणि समोरून मष्णूचा टांगा. साहेबांनी तिथे पाटी लावली आहे, "डावीकडून जावे", म्हणजे विहीर सगळ्यांच्या उजव्या हाताला राहते. मष्णूने पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "म्हंजे देवळाला परदक्षिना घालतो तशीच व्हय?" तेव्हापासून तो येताजाता हात जोडतो, आणि घाई नसली की तीन फेऱ्या घालतो. आतल्या माणसाला घाई असली तरी घालतो.

आत्याबाईंनी जाळीचं दार उघडलं आणि पोहरा सोडायला सुरुवात केली. एकेक वीत दोरी. साहेबांनी मोटार थांबवली, टोपी काढली. त्यांना वाटलं काही पूजा चालली आहे. खाली पाण्याला पोहरा टेकल्याचा आवाज आला, अगदी बारीक. आत्याबाईंनी दोरी वर घेतली, मोटारीकडे बघितलं, टांग्याकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "जया, माझ्या एवढ्याशा जिवांसाठी सरकार वळसा घालून जातंय गं." छाती भरून श्वास घेतला त्यांनी. घरघर नव्हती. मी कान देऊन ऐकलं.

आता तुझे दोन प्रश्न.

गडू चालला, कारण मी देवाचं नाव घेतलं नव्हतं. नुसता गडू घेतला होता, आणि तो आधी चिंच लावून घासला होता. मांजराबद्दल मात्र कपिलेश्वराची माफी मागितली आहे. पाच सोमवार बोलले होते, ते सहा केले.

दुसरं. ती सात वळी मी पाण्याच्या बंबात घालायला ठेवली होती, जळणाखाली, नीट गुंडाळून. पत्रांसाठी ठेवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात ती कशी आली हे मला वर्षभर कळलं नाही. गठ्ठा बांधून देतात हे. शेवटी काल रात्रीच्या जेवणानंतर विचारलं. ह्यांनी हातातली पट्टीसुद्धा खाली ठेवली नाही. म्हणाले, "चांगला कागद जाळायचा कशाला? एका बाजूने कोरा होता."

मी विचारलं, कधी सापडला? म्हणाले, "एकवीस तारखेला. म्हणून तर बावीसला अंघोळीला अर्धा तास लावला."

राजू, एवढं सगळं मी एकटीने केलं असं मला वाटत होतं.

असो. लवकर ये. आणि हा कागद उलटून बघायची तसदी घेऊ नकोस. दुकानातून नवीन आणला आहे, दोन्ही बाजूंनी कोरा.

तुझी शेजारीण,
जया